मिस्टर कुठे आहेत?

पहिला फोन आला तेव्हा मी विक्रोळी स्टेशनच्या पुलावर होते. ११ सप्टेंबर २०२३, सोमवार, सकाळचे सात चाळीस. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी आणि अर्धं लक्ष खाली, गाडी येतेय का याकडे. नंबर अनोळखी होता. आठवड्यावर गणपती आले होते, मखरवाला असेल म्हणून उचलला.

"मॅडम, मिस्टर कुठे आहेत तुमचे?"

ना नाव, ना नमस्कार. मी म्हटलं, "कोण बोलतंय? मला मिस्टर नाहीत."

पलीकडे जरा शांतता. मग आवाज एकदम मऊ झाला. "सॉरी मॅडम. कधी एक्सपायर झाले?"

"एक्सपायर नाही झाले. घटस्फोट झालाय."

"अच्छा."

त्या 'अच्छा'तली निराशा आठवून मला नंतर कितीदा तरी हसू आलंय. अशा कर्जाबरोबर बहुतेक वेळा विमाही गळ्यात मारलेला असतो. कर्जदार गेला तर बाकी विमा कंपनीकडून येते आणि वसुलीवाल्याची फाइल बंद होते. नवरा मेलेला असता तर त्या मुलाचं काम झालं असतं. हा नुसताच वेगळा झालेला, त्याचा त्याला काय उपयोग?

"मॅडम, आठ लाखांचं लोन आहे तुमचं. तीन हप्ते थकलेत. आज किती भरताय?"

तुमचं. माझी गाडी गेली, पुढचीही गेली. मी पुलाच्या कठड्याला टेकून त्याला समजावत होते की ते कर्ज माझं नाही, माझ्या नवऱ्याचं, म्हणजे आधीच्या नवऱ्याचं. (मराठीत 'एक्स'ला धड शब्द नाही. 'पूर्वाश्रमीचा पती' म्हटलं तर तो संन्यास घेऊन हिमालयात गेल्यासारखा वाटतो. हा पनवेलला गेला होता.)

ते कर्ज २०२१ च्या सप्टेंबरातलं. त्याचा भांडुपला छपाईचा गाळा होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, थोडे फ्लेक्स. लॉकडाउननं लग्नं पन्नास माणसांवर आणली आणि पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या. नवं मशीन घेतलं तर स्टिकर, लेबलं, खोकी असं काही सुरू करता येईल हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, आजही नाही म्हणणार. पण फायनान्स कंपनीनं त्याचे मागच्या दोन वर्षांचे रिटर्न पाहिले आणि मान हलवली. मग त्यांचाच माणूस म्हणाला, "मॅडम नोकरीला आहेत ना? मॅडमची सॅलरी स्लिप लावू, फाइल पास होईल." अशा धंद्याच्या कर्जात बायकोची सही घेण्याची पद्धतच आहे. पगारदार असेल तर उत्तम, नसेल तरी घेतात. तिला सहकर्जदार म्हणतात.

एका रविवारी कंपनीचा मुलगा कागद घेऊन घरी आला. मी कांदेपोहे केले. जिथं जिथं सही हवी तिथं त्यानं पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवली होती. चाळीसेक सह्या असतील. फुली, सही, पान उलट. फुली, सही, पान उलट. मध्येच पोह्यांची हळद बोटाला लागून एका पानावर पिवळा ठसा उमटला. मी ओशाळले, तर तो म्हणाला, "चालेल मॅडम, स्कॅनमध्ये दिसत नाही."

मी मशीद बंदरला पॅकिंग मटेरियलच्या एका होलसेलरकडे हिशेब बघते. पार्टीच्या बिलात सात रुपयांचा फरक निघाला तर डबा उघडत नाही. चलन दोनदा वाचते, शेठ तिसऱ्यांदा वाचायला सांगतात. आणि त्या रविवारी आठ लाखांचं, १८ टक्क्यांचं, ४८ महिन्यांचं, २३,५०० हप्त्याचं कर्ज मी फुल्या बघून सही केलं. तेव्हा वाचत बसले असते तर ते अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. पोहे निवत होते. नवराही समोर बसला होता, खुशीत.

आम्ही वेगळे का झालो ते इथं लिहिणार नाही, ते त्याचंही आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात परस्परसंमतीनं अर्ज केला. सगळं शहाण्या माणसांसारखं झालं. संमतीच्या अटींत सातवं कलम कर्जाचं: सदर कर्जाचे उर्वरित सर्व हप्ते पती भरेल, पत्नीवर त्याचा कोणताही बोजा राहणार नाही. मी ते कलम दोनदा वाचलं होतं. या वेळी वाचलं होतं.

फोननंतर वकीलबाईंकडे गेले आणि त्यांच्यासमोर सातव्या कलमावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला. "हा तुमच्या दोघांतला करार आहे. कंपनी यात पार्टी आहे का? तिला कुणी विचारलं होतं का?" मग त्यांनी १८७२ च्या करार कायद्याचं त्रेचाळीसावं कलम सांगितलं. दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर ज्याला वचन दिलं तो दोघांपैकी कुणाही एकाकडून सगळंच्या सगळं मागू शकतो. अर्धं नव्हे, सगळं. ज्यानं भरलं त्यानं मग दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागावा. "कागदावर इंग्रजीत आहे बघा. मराठीत म्हणतात, संयुक्तपणे व पृथकपणे."

संयुक्तपणे व पृथकपणे. पोह्यांच्या त्या रविवारी एकाच ओळीत दोन्ही लिहून ठेवलेलं होतं आणि मी त्याच्याखाली सही केली होती.

त्या रात्री सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट काढला, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात महिन्यांचे चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनात हप्ता किती दिवस थकला तो आकडा. वेळेवर असेल तर ०००. हिशेबाची माणसं असले तक्ते कादंबरीसारखे वाचतात. आमच्या चौकोनांत २०२१ च्या ऑक्टोबरापासून सगळं ०००, ०००, ०००. ज्या महिन्यात तो आठ दिवस घरी आला नव्हता, तेव्हा ०००. मी बॅग भरून कन्नमवार नगरला आईकडे आले त्या महिन्यातही ०००. भांडणात आम्ही एकमेकांना काय काय बोललो त्याची कुठं नोंद नाही, पण ५ तारखेला न चुकता २३,५०० जात होते. मग २०२३ चा जुलै, ०२६. ऑगस्ट, ०५७. सप्टेंबरअखेर ०८७ झाले. नव्वद ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बुडीतात जमा. साहजिकच त्या नव्वदीच्या आत काहीही करून एखादा तरी हप्ता निघावा म्हणून वसुलीवाले जिवाच्या आकांतानं फोन करतात. त्यांच्यासाठी ती अखेरची षटकं असतात.

म्हणून तो सप्टेंबर तसा गेला. दिवसाला दहा-बारा फोन. एक बाई होती, तिचा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा. एकजण दरवेळी "मी लीगलमधून बोलतोय" म्हणायचा आणि त्याच्या मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. व्हॉट्सॲपवर तराजूचं चित्र आणि लाल अक्षरांत 'अंतिम सूचना' यायची. अशा अंतिम सूचना मला चौदा आल्या. एकदा लोकअदालतीची नोटीस आली. 'अदालत' वाचून बाबांचा रक्तदाब वाढला. लोकअदालतीत तडजोड झाली तर होते, जबरदस्ती कुणी करत नाही, आणि हप्ते थकले म्हणून कुणी बेड्या घालून नेत नाही, हे त्यांना पटवायला मला दोन दिवस लागले. हे सगळे नियम मी रात्री बसून वाचले. त्यात रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक होतं: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांच्या, मित्रमंडळींच्या खाजगीपणात घुसायचं नाही. सात चाळीसचा माझा पहिला फोनच वीस मिनिटांनी बेकायदा होता. ते वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण खरी पंचाईत वेगळी होती. त्या फोनवरचं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं.

आमच्या धंद्यात सगळा माल उधारीवर जातो. उल्हासनगर, भिवंडी, वसई, तिकडचे छोटे दुकानदार, घरगुती फरसाणवाले, मसालेवाले. साठ दिवसांची उधारी म्हणायची आणि शंभर दिवस जायचे. तगादा लावायचं काम माझं. "शेठ विचारत होते." "आज थोडं तरी टाका." "मागच्या वेळी शुक्रवार म्हणाला होतात." मालक फोन उचलत नसला तर मी दुकानाच्या लँडलाइनवर करते, तिथंही नाही तर घरी. घरचा नंबर खातं उघडतानाच लिहून घेतलेला असतो. बायको उचलते. बायका खोटं बोलायला कच्च्या असतात हे शेठनं मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. "मालक कुठे आहेत?" असं मी किती बायकांना विचारलं असेल.

२० सप्टेंबरला दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मीच उचलला. समोरचा म्हणाला, "अकाउंट्समधल्या मॅडमना द्या. त्यांचं लोन थकलंय, जरा सांगा त्यांना." म्हटलं, "मीच बोलतेय." तो गडबडला. मीही गडबडले असते. शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं काय ऐकलं, काय नाही, देव जाणे, पण तिनं उगाचच स्टेपलरमध्ये पिना भरायला घेतल्या. स्टेपलर भरलेलाच होता.

आणि मग गौरीपूजनाचा दिवस, २२ सप्टेंबर. आमच्याकडे गौरी असतात. खड्यांच्या नाहीत, उभ्याच्या. घर म्हणजे म्हाडाच्या बिल्डिंगमधल्या दोन खोल्या, त्यात आत्या, मावशी, त्यांच्या सुना, शेजारपाजारच्या बायका. दाराशी चपलांचा ढीग. गौरी माहेरवाशिणी असतात, तीन दिवसांसाठी येतात आणि जातात. मी आलेली होते ती जाण्यासाठी नव्हे, हे कुणी बोलत नव्हतं, पण हळदीकुंकवाचं ताट माझ्यापाशी येताना प्रत्येक हात जरासा थबकायचा. पाच वाजता दारात एक पोरगा उभा राहिला. पंचविशीचा, फुल शर्ट आत खोचलेला, पाठीला सॅक, हातात मोबाइल. आत्याला वाटलं, कुणी तरी दर्शनाला आलंय.

"ये रे बाळा, बाहेर का उभा? दर्शन घे."

त्याला काही बोलायची सोयच उरली नाही. बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते लपवायला त्यानं पायावर पाय ठेवला. आत येऊन गौरींना वाकून नमस्कार केला, अगदी मनापासून केला, डोळे मिटून. आईनं पुरणपोळीची बशी पुढं केली. तो उभ्या उभ्या खात होता आणि आत्या विचारत होती, कुठला तू? दिव्याला राहतो म्हणाला, मूळचा खेडचा. गौरी असतात का तुमच्याकडे? असतात, गावाला. या वर्षी सुट्टी नाही मिळाली. "अरेरे," आत्या म्हणाली आणि अजून अर्धी पोळी वाढली.

बशी खाली ठेवून तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, बाहेर दोन मिनिटं येता?"

तेव्हा मला कळलं तो कोण ते.

जिन्यात उभं राहून आम्ही बोललो. वर एका घरात आरती सुरू झाली होती म्हणून दोघांनाही आवाज चढवावा लागत होता, आणि चढवायचा तर नव्हता. तो म्हणाला, "आज दिवस चांगला नाही हे मला कळतं. पण टीएल, म्हणजे आमचा टीम लीडर, सोडत नाही. आज नव्वदच्या आतल्या सगळ्या फाइलींची व्हिजिट मागितलीय." मी म्हटलं, माझ्याकडे आज पैसे नाहीत आणि असते तरी दिले नसते, जो भरायला बांधील आहे त्याच्याकडे जा. "त्यांचा फोन बंद, गाळ्याला कुलूप. पत्ता द्या ना मॅडम. आम्ही तुम्हाला सोडतो." मग जरा अवघडून, "व्हिजिटचा फोटो लागतो. लोकेशनसकट." त्यानं फोटो काढला. त्यात आमचा दरवाजा, झेंडूचं तोरण, चपलांचा ढीग आणि त्या ढिगात त्याचेच बूट. कंपनीच्या सर्व्हरवर तो आजही कुठं तरी असेल.

पत्ता मला माहीत होता. पनवेलला तो आईबरोबर राहत होता, हे ओळखीतून कळलेलं. मी दिला. विचार करून दिला असं म्हणणार नाही. वर आरती संपत आली होती, आत बायका वाट बघत होत्या, आणि मला ते सगळं आमच्या दारातून उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी दारात ठेवायचं होतं.

रात्री बाबा म्हणाले, "तो पोरगा कोण होता ते कळलं मला." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आमचं मूळ गाव बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला. बाबांनी लहानपणापासून ऐकवलेली एक गोष्ट आहे, ती त्यांनी पुन्हा सुरू केली. १२ मे १८७५, सुप्याचा बाजार. आसपासचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांत, घरांत शिरले. रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खतं, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. "त्याच्यावर इंग्रजांना कायदा करावा लागला," बाबा दरवेळी इथं छाती पुढं काढतात, या वेळी काढली नाही. १८७९ चा तो दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा मी नंतर शोधून वाचला. मला त्यातली एक गोष्ट फार भावली. कोर्टानं रोख्यावरचा आकडा आणि खालचा अंगठा बघून थांबायचं नाही, व्यवहार मुळात कसा झाला, किती दिले, किती लावले, हा मागचा सगळा इतिहास तपासायचा. आपल्याकडे त्याच्याही आधीपासून दामदुप्पटीचा नियम होता, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागायचं नाही. आणि सावकार कुळाच्या दारात उपाशी बसायचा त्याला धरणं म्हणत. आताचे मोर्चेवाले धरणं धरतात ते मूळचं सावकाराचं शस्त्र. धरणं धरायला आलेल्याला आईनं पुरणपोळी खाऊ घातली, हे लक्षात येऊन त्या रात्री मी आणि बाबा एकदम हसलो.

माझ्या सहीच्या मागं कुणी गेलं असतं तर काय सापडलं असतं? पोहे सापडले असते. हळदीचा ठसा. कुणी मला धमकावलं नव्हतं, फसवलंही नव्हतं. सव्वीस वर्षांची अडाणी कुळवाडीण नव्हते मी, छत्तीस वर्षांची बी.कॉम. होते.

तीन दिवसांनी फोन आला. नंबर सेव्ह होता. 'आई पनवेल' असाच, बदलायचा राहून गेलेला.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "इकडे दोन माणसं आली होती. तो नव्हता घरी. शेजारी विचारत होते. तुझ्याकडेही येतात का गं?"

"येतात, आई."

"तुझ्याकडे कशाला येतात? तुझा काय संबंध?" त्या खरंच विचारत होत्या. मग म्हणाल्या, "पत्ता कुठून मिळाला कुणास ठाऊक." मी काही बोलले नाही. त्या बायका-खोटं-बोलायला-कच्च्या नियमाला मी अपवाद ठरले, एवढंच. जाता जाता त्यांनी विचारलं, गौरी नीट झाल्या ना, पुरण सैल नाही ना झालं यंदा. दरवर्षी माझं पुरण सैल होतं हे त्यांनाच माहीत होतं.

तो महिना मी 'त्याचं कर्ज' म्हणत होते. त्या फोननंतर मला ते म्हणायला जड जाऊ लागलं.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं, म्हणजे हिशेब. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला सविस्तर मेल लिहिला. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या नंबरवरून, काय बोलले, ऑफिसला फोन कधी, सगळा तक्ता. खाली लिहिलं की तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, ऑनलाइन होतं. पोस्टानं पाठवायचं तर २०२१ च्या योजनेनुसार सगळ्या देशाचं एकच ठिकाण होतं, चंदीगड. तिथवर जावं लागलं नाही. अकराव्या दिवशी उत्तर आलं, 'गैरसोयीबद्दल दिलगीर'. फोन दिवसाला एकावर आले आणि आठ ते सातमध्ये आले. ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांनी एवढं करावंच: लिहून ठेवावं, तारीख-वेळ टाकून. फोनवरच्या रडण्याचा काही उपयोग होत नाही, तक्त्याला उत्तर द्यावंच लागतं.

त्याच मेलमध्ये खात्याचा उतारा मागितला. तो येईपर्यंत महिने गेले, फेब्रुवारी २०२४ उजाडला. मागणी ६,३८,००० ची. त्यात मुद्दल आणि ठरलेलं व्याज धरून ५,८०,००० होत होते. वरचे ५८,००० म्हणजे दंड, प्रत्येक बाउन्सला ५९० आणि 'व्हिजिट चार्जेस'. पुरणपोळी खाऊन गेल्याचे पैसे आम्हालाच लावले होते.

वसुलीचा तोच दिव्याचा मुलगा आता माझ्याशी जरा मोकळं बोलायचा. म्हणाला, "मॅडम, साडेतीन लाखात सेटल करून देतो. मार्च एंडिंग आहे, वरून अप्रूव्हल येईल." बाबा म्हणाले, घे. आत्या म्हणाली, घे, आणि तोंडावर मार त्यांच्या. सव्वादोन लाखांहून जास्त वाचत होते. अडचण एवढीच की सिबिलवर मग 'क्लोज्ड' नाही येत, 'सेटल्ड' येतं. पूर्ण फेडलं नाही, तडजोडीत मिटवलं, असा त्याचा अर्थ. पुढं कधी घराचं कर्ज काढायला गेले की ते दिसणार.

'सेटल'. लग्नाआधी सगळे विचारायचे, मुलगी सेटल झाली का? लग्न झाल्यावर म्हणायचे, झाली बाई सेटल. घटस्फोटानंतर मावशी एकदा म्हणाली, आता पुन्हा कुठं तरी सेटल हो. आता एक कंपनी ते माझ्या नावापुढं छापून द्यायला तयार होती, साडेतीन लाखात. मला ते नको झालं. माझ्या दृष्टीनं व्यवहार तसाही साधा होता: मशीन आलं होतं, पैसे घेतले होते, सही माझी होती. दंड मी देणार नाही, मुद्दल आणि व्याज पूर्ण देईन, आणि 'क्लोज्ड' लिहिणार हे पैसे भरायच्या आधी लेटरहेडवर हवं. तीन आठवडे ताणाताणी झाली. घासाघीस करायला मला शेठनं शिकवलंय, त्याचे पैसे वसूल झाले.

पैसे कसे जमवले ते सांगायला हवं. तीन लाखांची एफडी मोडली. बाबांनी एक साठ दिले, ते मी वहीत मांडून ठेवलेत, महिन्याला पाच हजारांनी फेडतेय, आणि बाबा दरवेळी घेताना तोंड वाकडं करतात. उरलेले एक वीस भिशीतून आले. मशीद बंदर ते डोंबिवली अशा आमच्या लेडीज डब्यातल्या बारा जणींची दहा-दहा हजारांची भिशी आहे. माझा नंबर नववा होता. मी नुसतं म्हटलं, मला या महिन्यात हवी आहे. कशाला, कुणी विचारलं नाही. जिची पाळी होती तिच्या घरी बाथरूमचं काम निघालं होतं. ती म्हणाली, "लाद्या काय, पुढच्या महिन्यात बसतील." कुर्ला आणि सायनच्या मध्ये कधी तरी हे ठरलं. एक सही नाही, एक फुली नाही. बाकीच्या अकराजणींत एकीचंही पूर्ण नाव मला आजही माहीत नाही.

मार्चअखेरीला भरले. वकीलबाई म्हणाल्या, आता सातवं कलम घेऊन त्याच्याविरुद्ध दरखास्त लावू, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला बारा वर्षं मुदत असते. मी म्हटलं, बघू. त्याचा एकदा मेसेज आला, 'मी देणार होतो.' मी त्यावर काही लिहिलं नाही. खरं असेलही. ०००, ०००, ००० मी पाहिलेले आहेत. दरखास्त अजून लावलेली नाही आणि लावणार नाही असंही नाही.

मे महिन्यात कर्जफेडीचा दाखला आला, दोघांची नावं एकाखाली एक, माझं लग्नातलं आडनाव. मी तो फाइलला लावला. दिव्याच्या मुलाचा शेवटचा फोन आला, फीडबॅक द्या मॅडम, पाच स्टार. दिले.

परवाची गोष्ट. उल्हासनगरचा एक मसालेवाला, ४२,००० बाकी, एकशे दहा दिवस. मोबाइल लागतो, उचलत नाही. शेठ केबिनमधून म्हणाले, घरचा नंबर आहे ना? आहे म्हटलं. घड्याळ पाहिलं, साडेपाच. लावला. बाईनं उचलला. मागं टीव्ही चालू होता.

"मालक आहेत का?"

टीव्हीचा आवाज कुणी तरी कमी केला.

"नाहीत," ती म्हणाली. "कोण बोलतंय?"

"मशीद बंदरहून. काही नाही, आले की सांगा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. शेठना सांगितलं, घरी नाहीत.